दोर कोण धरतंय

उन्हाळ्याची सुट्टी लागली की काकूंचं पहिलं काम ठरलेलं होतं. माळ्यावरचे डबे खाली काढायचे. तेलाचे रिकामे, तोंड डाग देऊन कायमचं बंद केलेले पत्र्याचे अकरा डबे. अंगणातल्या टाकीत एकेक डबा दाबून धरायचा आणि बुडबुडे येतात का बघायचं. बुडबुडा आला की तो डबा आजारी. त्याला मेण लावून उन्हात ठेवायचा. मग दोरांची पाळी. दोराचं एक टोक खांबाला बांधायचं, दुसरं कमरेला, आणि काकू मागं रेलायच्या. काकूंचं वजन काही थोडंथोडकं नव्हतं. काकूंना पेलणारा दोर गावातल्या कुठल्याही पोराला पेलणार, हा हिशेब सासऱ्यांनी घालून दिला होता आणि त्यात काकूंना कधी अपमान वाटला नव्हता.

यंदा त्या कमरेला दोर बांधून रेलल्या होत्या तेवढ्यात त्यांचा नवरा शेतातून आला. खांद्यावर फावडं, गुडघ्यापर्यंत चिखल. गावात त्याला थोरला म्हणत, कारण त्याच्या पाठचा भाऊ धाकटा होता. दोघांना दुसरी नावं असली तरी ती फक्त कागदावर कामाला यायची.

"यंदा राहू दे ते," थोरला म्हणाला.

"का?"

"विहीर त्याची झाली ना आता."

काकू दोर सोडायला लागल्या. हिवाळ्यात जमिनीची मोजणी झाली होती. मोजणीदारानं साखळी टाकली, खुंट्या ठोकल्या आणि विहीर धाकट्याच्या बाजूला गेली. थोरल्याला एक दिवसाआड पाणी मिळेल असं लिहून दिलं. तेव्हा थंडी होती, विहीर तोंडापर्यंत भरलेली होती, कुणाला काही जाणवलं नाही. आता कलिंगडाचे वेल तहानलेले होते आणि एक दिवसाआड म्हणजे काय ते रोज संध्याकाळी कळत होतं.

"पोरं यायची थांबणार आहेत का?" काकू म्हणाल्या. "त्यांना कुठं मोजणी कळते?"

थोरल्यानं फावडं भिंतीला टेकवलं, टाकीतला एक डबा उचलला, कानाजवळ नेऊन हलवला आणि म्हणाला, "ह्यात पाणी गेलंय." म्हणजे त्याचीही ना नव्हती.

गावाला वळसा घालून नदी जात होती. शाळा पलीकडे. पूल होता, पण पावसाळ्यात वर्षातून चारदा तरी तो पाण्याखाली जायचा. ज्या पोराला पोहता येत नाही त्याच्या आईचा जीव चार महिने टांगणीला. म्हणून सासऱ्यांच्या वडिलांच्या काळापासून गावातली सगळी पोरं ह्याच विहिरीत पोहायला शिकली. शिकवणारा असा कुणी नव्हता. नव्या पोराच्या पाठीला डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक आदल्या वर्षी शिकलेल्या पोराच्या हातात द्यायचं. दोर धरणाऱ्याच्या मागं आणखी एकानं उभं राहायचं. नवं पोर पाण्यात हातपाय मारतं, दोरवालं वरून ओरडतं, आणि आठवडाभरात एक डबा सोडून दुसरं काही लागत नाही, मग तोही लागत नाही. तुझा दोर कुणी धरला, हे गावात म्हातारपणापर्यंत लक्षात ठेवत. दोघांचं पुढं भांडण झालं तरी लोक म्हणत, अरे, त्यानं तुझा दोर धरलाय.

काकूंचा दोर कुणी धरला नव्हता. त्या लग्न होऊन आल्या त्या एका कोरड्या गावाकडून. तिथं पाणी हंड्यानं मोजत. एवढं पाणी एका जागी बघून त्या पहिल्या दिवशी काठावरून चार पावलं मागं सरकल्या होत्या. गावच्या मुली पोहत, पण त्या लेकी. सुनेनं विहिरीत उतरू नये असं काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. उतर असंही कुणी म्हणालं नव्हतं. सव्वीस वर्षं त्या काठावर राहिल्या. डबे बांधले, गाठी मारल्या, ओठ निळे पडलेल्या पोरांना टॉवेलात गुंडाळून मीठ लावलेली काकडी खायला दिली. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. त्याबद्दल त्यांनी रडून घ्यायचं तेवढं घेतलं होतं. पण सुट्टीचे दोन महिने अंगण ओल्या पावलांनी भरलं की त्यांना काही कमी वाटत नसे, आणि उरलेले दहा महिने त्या दोन महिन्यांवर निघत.

पोरं आली. पुढं होती बारा वर्षांची मुलगी, जिला सगळे बेडकी म्हणत, कारण ती जमिनीवर कमी आणि पाण्यात जास्त असे. मागं दोडका, मागं आणखी दहा-बारा, आणि सर्वांत शेवटी कानापर्यंत केस उतरलेला सहा वर्षांचा टोपण. यंदा नवा शिकणारा तोच एकटा. पूर्वी एका सुट्टीत सात-सात नवे असायचे, दोर पुरायचे नाहीत. आता गावात पोरंच कमी झाली होती. टोपण पाच दिवसांत डबा सोडून तरंगायला लागला आणि काकूंना उगीच वाटलं की जरा हळू शिकला असता तर काय बिघडलं असतं.

धाकट्यानं ह्या सगळ्याला हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. तो शहरातल्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तसा गेल्या वर्षी बायको आणि मुलीला घेऊन परत आला, आणि कुंपणापलीकडे दोन खोल्या बांधून राहू लागला. भावांचं बोलणं तुटलं नव्हतं, फक्त बारीक झालं होतं. "मोटार बंद केली." "बरं." "उद्या तुमची पाळी." "हो." एवढ्यावर दिवस जात होते.

त्याची मुलगी अकरा वर्षांची. रोज पोहण्याच्या वेळी ती कुंपणाला टेकून उभी राही. गळ्यात पोहण्याचा चष्मा लटकवलेला. शहरात तिला तलावावर घातलं होतं. शिट्टी वाजवणारे सर होते, तिला शर्यतीचं प्रमाणपत्रही मिळालं होतं, ते धाकट्याच्या पुढच्या खोलीत काचेमागं लावलं होतं. आठव्या दिवशी काकूंना राहवलं नाही.

"ये की गं. उन्हात काय उभी राहतेस?"

मुलगी आली. बेडकीनं काही न विचारता दोर उचलला आणि तिच्या कमरेला बांधायला लागली.

"मला येतं पोहायला," मुलगी म्हणाली.

"येत असेल. दोर बांधायचाच."

"मी पन्नास मीटर पोहते."

"पोह की. इथं बारा मीटरच आहे," बेडकी म्हणाली. "पहिल्या दिवशी दोर. मी धरते तुझा."

मुलीनं काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली. मुलीनं चष्मा लावला, ओठ आवळले आणि उडी मारली. उडी इतकी सरळ होती की पाणी फारसं उडलंही नाही. ती वर आली तेव्हा बेडकीच्या हातातला दोर ढिला होऊन पाण्यावर पसरला होता. खाली गेल्या गेल्या तिनं गाठ सोडली होती. बिनदोराची, लांबलचक हात टाकत ती पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली, वळली आणि परत फिरली.

पाण्यात सात पोरं होती. ती एकेक करून पायऱ्यांवरून वर आली. कुणी बोललं नाही. सगळी काठावर ओळीनं बसली, पाय आत सोडून, बेडकी तेवढी उकिडवी, आणि तिच्याकडे बघत राहिली. पहिल्यांदा उतरलेलं कुणी बिनदोराचं असलं की बाकीच्यांनी वर यायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं, टोपणसुद्धा आला. विहिरीत एकटं पोहताना हातापायांचा आवाज मोठा येतो. मुलीनं मधेच थांबून वर पाहिलं. सगळी तोंडं तिच्याकडे, आणि एकही हसत नाही.

नेमका त्याच वेळी थोरला आला. ही शांतता त्याला सोसेना. त्याची सवयच ती. कुठं कुणी गप्प बसलेलं दिसलं की हा काहीतरी टाकणार.

"पोरगी बापावर नाही गेली," तो म्हणाला. "बापानं ही विहीर निम्मी प्यायली होती. पाणीप्या म्हणायचो आम्ही त्याला."

पोरं हसली. हा विनोद त्यांना पाठ होता. दर उन्हाळ्यात एकदा व्हायचाच. मुलगी पायऱ्या चढून वर आली, चपला हातात घेतल्या आणि तशीच निथळत कुंपणापलीकडे गेली. काकू टॉवेल घेऊन चार पावलं तिच्या मागं गेल्या. काकडीची फोड हातातच राहिली.

संध्याकाळी धाकटा कुंपणापाशी आला. आत आला नाही. त्याच्या अंगावर अजून कारखान्याचा निळा शर्ट असे, खिशावरचं नाव उसवून काढलेलं.

"वेल्डरला सांगितलंय," तो म्हणाला. "रविवारी माप घ्यायला येईल. वरून जाळी बसवतो. कुलूप लावून."

थोरला कलिंगडांखाली गवत सारत होता. तो उठला नाही. काकूंनीच विचारलं, "पोरांचं काय मग?"

"वहिनी, पलीकडच्या गावात मागच्या महिन्यात काय झालं ऐकलंत ना? पोर बुडालं. विहिरीच्या मालकाला चार दिवस चौकीत बसवून ठेवला होता. आता कागदावर नाव माझं आहे. उद्या ह्यातलं एखादं गेलं तर ते पोर कुणाचं, दोर कुणी धरला होता, हे कुणी विचारणार नाही. विहीर कुणाची, एवढंच विचारतील."

त्याचं खोटं नव्हतं. 

"बसव," थोरला खाली बघून म्हणाला. "तुझी विहीर."

धाकटा जाताना एवढंच बोलला, "आणि ते पाणीप्या. माझ्या पोरीसमोर नको होतं."

दिवे लागायच्या सुमारास काकू दारात बसून काकड्या निवडत होत्या, लहान एकीकडे, बाजाराच्या एकीकडे. थोरला पायावरचा चिखल सुरीच्या पाठीनं खरवडत होता.

"त्या दिवशी झालं काय होतं?" काकूंनी विचारलं. "सव्वीस वर्षं ऐकतेय, विहीर प्यायला, विहीर प्यायला. दोर निसटला म्हणता. तुमच्या हातून निसटलाच कसा?"

थोरल्यानं सुरी बाजूला ठेवली. मग पुन्हा उचलली.

"निसटला नाही."

काकूंनी हातातली काकडी खाली ठेवली.

"मी चौदाचा, तो आठचा. तीन दिवस झाले होते. मला वाटलं, ह्याला येतंय, हा उगीच दोरावर भार टाकतोय. म्हणून सोडला. हसत होतो मी. तर तो खालीच गेला. डबाही तिरका झाला. वडिलांनी उडी मारून काढला. विचारलं, काय झालं. मी म्हणालो, निसटला. ते म्हणाले, मग एकाच्या हाती भरवसा नको, मागं दुसरं माणूस पाहिजे. तेव्हापासून मागं एक उभं करतात."

"आणि तो परत उतरला नाही."

"नाही."

"आणि वरून तुम्ही त्यालाच पाणीप्या म्हणत राहिलात. छत्तीस वर्षं."

"हसलं की ते बुजतं असं वाटायचं," थोरला म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान पोरासारखा झाला होता. काकूंना त्याची दया आली आणि रागही आला, आणि राग जास्त आला. त्यांनी एक चांगली मोठी काकडी लहानांच्या ढिगात टाकली आणि उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोटारीची पाळी थोरल्याची होती. काकू पहाटेपासून वाफ्यांना पाणी देत होत्या. एका वाफ्याचं तोंड मातीनं बंद करायचं, पुढच्याचं फोडायचं. कंबर वर करायला सवड नाही. नऊच्या सुमाराला जाऊ मोटारीच्या खोलीपाशी घागर भरायला आली. तिला इथं येऊन वर्ष झालं तरी ती अजून पाहुणीसारखी बोलायची, आधी चौकशी आणि मग काम.

"ताई, बरं चाललंय ना? उन्हाचा त्रास नाही ना?" मग तिनं घागर धारेखाली लावली. "पोरगी धड जेवत नाही. म्हणते, मी पाण्यात उतरले तशी सगळी बाहेर निघाली. मी घाण असल्यासारखी. वर हसली. शाळेतही तिच्याशी कुणी फार बोलत नाही. मला वाटलं होतं, निदान पोहण्यात तरी..." तिचं वाक्य तिथंच राहिलं. घागर वाहायला लागली होती.

काकूंच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. हे असं दिसलं असेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. इतक्या वर्षांत हा नियम कुणाला सांगावा लागला नव्हता. ज्याला त्याला तो आपोआप माहीत होता, कारण जो तो इथलाच होता.

"पाठव तिला माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "आत्ता पाठव."

मुलगी आली ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली. काकूंनी तिच्या हातात एक रिकामी पाटी दिली आणि काकड्या तोडायला लावलं, कारण हात रिकामे असले की माणूस नीट ऐकत नाही.

"ती तुझ्यामुळं वर आली नाहीत. तुझ्यासाठी आली. दोर नसलेलं नवं कुणी पाण्यात असलं की बाकीचे बाहेर. म्हणजे सगळ्यांची नजर एकावर राहते. बेडकी कशी बसली होती बघितलंस? उकिडवी. बसत नाही ती तशी कधी. तू जरा गपकन् खाली गेली असतीस तर तिनं उडी टाकली असती."

"पण मला येतं ते त्यांना दिसत नव्हतं?"

"दिसत होतं की. दोडका तर घरी जाऊन हात कसे टाकायचे त्याची नक्कल करत होता, त्याची आई सांगत होती. पण येतं का नाही हा प्रश्नच नाही गं. तुझा दोर कुणाच्या तरी हातात होता का नाही, एवढंच."

मुलीनं तीन-चार काकड्या तोडल्या. देठ फार आखूड तोडत होती. काकूंनी दाखवलं तसं मग लांब ठेवू लागली.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं.

"आता तू कुणाचा तरी दोर धर. दोर धरला की झालं. मग तू इथली."

"कुणाचा धरू? सगळ्यांना येतं. टोपणलापण."

काकू गावातली घरं एकेक करून आठवू लागल्या. ह्या घरातलं तान्हं, त्या घरातलं शहरात. पुढच्या वर्षी दोघं होतील, पण पुढच्या वर्षी वर जाळी असेल. त्यांनी पाटी कमरेवर घेतली आणि जे बोलायचं ठरवलं नव्हतं तेच बोलून गेल्या.

"मला येत नाही."

मुलीनं त्यांच्याकडे बघितलं. आधी तोंडाकडे, मग खाली पायांपर्यंत, मग पुन्हा तोंडाकडे. ती अंदाज घेत होती.

"दोन डबे लागतील," ती म्हणाली.

"तीन," काकू म्हणाल्या.

रविवारी पोरं नेहमीपेक्षा लवकर आली. जाळीची बातमी गावभर झाली होती. कुणी पाण्यात उतरलं नव्हतं. सगळी झाडाच्या सावलीत बसली होती. वेल्डर मोटारसायकल ढकलत बांधावरून आला, खिशात टेप, कानावर पेन्सिल. तो ह्याच गावचा.

"मीच इथं शिकलो आणि मीच झाकायला आलो," तो धाकट्याला म्हणाला. "घरात बायको बोलत नाही माझ्याशी कालपासून. बरं, टोक धर."

धाकट्यानं टेपचं टोक धरलं. वेल्डर दुसरं टोक घेऊन काठाकाठानं पलीकडे निघाला, आणि त्याला जेवढा वेळ लावता येईल तेवढा तो लावत होता.

तेवढ्यात काकू आल्या. अंगात नवऱ्याची जुनी पँट, कमरेला सुतळी, वर त्याचाच पूर्ण बाह्यांचा शर्ट. टोपण पहिल्यांदा हसला, मग सगळी हसली, मग काकूही हसल्या. थोरला मागून डबे घेऊन येत होता, त्याला मात्र हसू येत नव्हतं.

"वहिनी, हे काय?" धाकटा म्हणाला.

"जाळी बसायच्या आत एकदा उतरून बघते. सव्वीस वर्षं झाली, आत कसं वाटतं मला माहीत नाही."

बेडकीनं पाठीला तीन डबे बांधले, गाठी ओढून बघितल्या. कमरेला दोर बांधला आणि टोक हातात धरून ती क्षणभर तशीच राहिली. मग तिनं ते धाकट्याच्या मुलीच्या हातात दिलं. "मनगटाला गुंडाळू नकोस," ती म्हणाली. "मुठीत धर. पाय मागंपुढं ठेव."

मुलीनं चपला काढून लांब ठेवल्या आणि पाय रोवले.

"मागं कोण?" दोडक्यानं विचारलं.

थोरला पुढं झाला, तशी बेडकी बाजूला होऊन झाडाखालच्या पोरांत गेली. काकू पायऱ्या उतरत होत्या, पाण्याला चार पायऱ्या उरल्या होत्या. त्या वळल्या.

"तुम्ही नको," त्या म्हणाल्या. "आधी सांगायचंय ते सांगा, मग दोराला हात लावा."

सगळी पोरं थोरल्याकडे बघायला लागली. थोरल्याची मान एकदा वर झाली, एकदा खाली. विहिरीत मोटारीच्या पाइपातून गळणारं पाणी टपटपत होतं.

"त्या दिवशी," तो भावाकडे न बघता म्हणाला, "दोर निसटला नव्हता. मी सोडला होता."

धाकट्यानं टेप खाली केला नाही.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी खालून बघत होतो. तू मूठ उघडलीस."

 पलीकडे वेल्डर टेप ताणून तसाच उभा. थोरल्यानं तोंड उघडलं, पण नेहमी जे काही त्याच्या तोंडातून सहज बाहेर पडायचं त्यातलं काहीच आज येईना. तो काठावर मटकन खाली बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून बघत राहिला.

काकूंचं लक्ष वर होतं आणि पाय खाली उतरत होते. शेवटून दुसऱ्या पायरीवर शेवाळ होतं. त्या पडल्या नाहीत, सरळ बसल्यासारख्या घसरल्या आणि पाण्यात गेल्या.

पाणी इतकं गार असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. नाकातोंडात गेलं. कानांत डब्यांचा ठणठण आवाज आला आणि हिरवं, मग काळं, मग पुन्हा हिरवं झालं. पोटापाशी दोर करकचून आवळला. सगळ्या दोरांची परीक्षा ज्या वजनानं घेतली होती ते वजन आज अकरा वर्षांच्या पोरीच्या हातांवर होतं. डबे वर उचलत होते, पण एका बाजूला. त्यांचं तोंड पाण्याबाहेर आलं, त्यांनी श्वास घेतला आणि डोळे उघडले.

वर विहिरीचं गोल तोंड आणि त्यात ऊन. काठावर मुलगी. ती मागं रेलली होती, तोंड लाल, आणि तिचे पाय दगडावरून इंच इंच पुढं सरकत होते. बेडकी, दोडका धावायला निघाले होते, पण ते झाडाच्या बाजूला होते. उभ्या असलेल्यांत सगळ्यांत जवळ धाकटा होता. काकूंना तो खालून दिसला. एका हातात टेपचं टोक, आणि पाण्याकडे बघणारे डोळे, जे आठ वर्षांच्या मुलाचे होते.

मग टेप सर्रकन आवाज करत पलीकडे गेला.

धाकटा मुलीच्या मागं आला आणि त्यानं तिच्या हातांमागं दोर धरला. दोर थांबला. मुलीचे पाय थांबले.

"काका," टोपणचा बारीक आवाज आला. "काठावर चपला नाही चालत."

दोर न सोडता धाकट्यानं एक चप्पल झटकली. ती गवतात पडली. दुसरी अडकली, ती त्यानं पहिल्या पायाच्या बोटांनी रेटून काढली. मग दोन्ही अनवाणी पाय दगडावर नीट टेकवले.

"पाय मारा, काकू," मुलगी वरून ओरडली. आवाजात शिट्टीवाल्या सरांचा जोर होता. "गुडघ्यातून नाही, मांडीपासून. मान मागं टाका. पाणी धरतं तुम्हाला."

काकूंनी मान मागं टाकली. पाय मारले. कसे का होईना, मारले. पाण्यानं धरलं. पाठीखाली डबे सरळ झाले, आणि सव्वीस वर्षं ज्या पाण्याला त्या काठावरून बघत होत्या त्यावर त्या आडव्या पडून राहिल्या. रडू येत होतं, पण चेहरा आधीच ओला होता, कुणाला कळण्याचं कारण नव्हतं.

त्यांना एक नवीनच गोष्ट समजली. खालून वर बघताना दोर धरणाऱ्याचं तोंड उन्हामुळं नीट दिसत नाही. मुठी मात्र दिसतात. दोन लहान, त्यांच्या मागं दोन मोठ्या, आणि चारही मिटलेल्या. त्या मोठ्या मुठींच्या मागं आणखी कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. दोराचं लोंबणारं टोक उचलून त्यानं ते धरलं. मघाशी गुडघ्यांवर पालथे ठेवलेले हात होते ते. धाकट्यानं मागं वळून बघितलं आणि थोडा पुढं सरकून त्याला जागा दिली.

"वहिनी, बरं आहे ना?" धाकट्यानं विचारलं.

"सोडू नका रे इतक्यात," काकू म्हणाल्या.

पलीकडच्या काठावरून वेल्डरनं हाक दिली. लोंबता टेप हातात घेऊन तो मघापासून तसाच उभा होता. "अहो, मापाचं काय करायचं? हे टोक कुणी धरणार आहे का?"

"गुंडाळून ठेव," धाकटा म्हणाला. "माझे हात मोकळे नाहीत."